कन्हानकाठच्या अनामिकांचे आभार

संक्रांतीच्या पहाटे कन्हान नदीच्या पाण्यात बुडी मारायचा गावाचा हट्ट खुळाच आहे. कौतुक बुडी मारणाऱ्यांचं होतं. आभार काठावरच्यांचे मानायला हवेत.

आदल्या दिवशी बांबूने तळ चाचपणारे सगळ्यांत आधी. रेती उपशाने पात्रात खड्डे पडतात. कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की माणूस डोक्यावरून बुडतो. म्हणून त्यांनी खड्ड्यांच्या बऱ्याच अलीकडे बांबू रोवून आडवा दोर बांधला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला फुगवलेल्या ट्यूब घेऊन माणसं उभी केली. ओल्या नायलॉनची गाठ सरकते, हे ओळखून दुहेरी गाठी मारणाऱ्या भाऊंना खास नमस्कार.

सूर मारायला मनाई करणाऱ्या काकांवर पोरं चिडली. काकांचंच बरोबर होतं. गार पाणी लागताच श्वास आपोआप आत ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत. आधी पाय, मग मान-चेहरा ओला, श्वास जागेवर आल्यावर बुडी, आणि लगेच बाहेर.

बाहेर आल्यावरही शरीर आतून काही वेळ गार होतच राहतं. ओले कपडे उतरवायला लावून कोरड्या गोधड्या, कानटोप्या देणाऱ्या मावश्यांचे आभार. बाटली परत पाठवणाऱ्यांचेही: दारूने ऊब वाटते, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरून उष्णता निघून जाते.

नागपूरच्या प्यायच्या पाण्याचा काही भाग याच नदीतून उचलला जातो. घाटावर साबण काढून घेणाऱ्यांनो, तुमचेही आभार.