फोटो उलटा छापलाय, आणि मुद्दाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जपानी तलवारीवर अर्धं पान लेख आला होता, तो मी इथे जपानात ट्रेनमध्ये बसून मोबाईलवर वाचला, घरी येऊन परत वाचला, आणि आता रात्री झोप येईना म्हणून हे टाईप करतोय. आधी फोटोचं सांगतो. फोटोत तलवारीने चटईची गुंडाळी कापणाऱ्या माणसाचा डावा हात वर, त्सुबाजवळ, म्हणजे मुठीच्या वर जी गोल तबकडी असते तिच्याजवळ, उजवा हात खाली मुठीच्या टोकाला, आणि म्यान उजव्या कमरेला. असं इथे कोणी धरतच नाही हो. डावखुरी माणसंसुद्धा उजव्याच पद्धतीने शिकतात. आधी वाटलं कोणीतरी हौशी असेल, मग कपड्यांकडे लक्ष गेलं तर अंगरख्याचा उजवा पदर डाव्याच्या वर आलेला. किमोनो असो की सरावाचा अंगरखा, जिवंत माणसाचा डावा पदर वर असतो, उजवा पदर वर फक्त मृतदेहाला घालताना घेतात. म्हणजे तुमच्या लेआउटवाल्यांनी पानावर बरा दिसावा म्हणून फोटो आरशासारखा फिरवला आणि त्या बिचाऱ्याला जिवंतपणी तिरडीवर चढवलं. यावर मी भरपूर हसलो, बायकोला पण दाखवलं.

पण लेखात जे लिहिलंय त्याचं हसू आलं नाही. त्याचा सूर असा की जपानी तलवारीला धारच एवढी असते की जरा ताकद लावली तर कोणीही एका घावात ती चटईची गुंडाळी उडवतो. मी ७ वर्षं दर शनिवारी हे शिकतोय, मला अजून धड येत नाही, तरी एवढं छातीठोक सांगतो की ताकद लावली की हमखास बिघडतं.

मुळात ती गुंडाळी म्हणजे काय ते सांगतो कारण लेखात नुसतं 'गवत' म्हणून सोडून दिलंय. जपानी घरात जमिनीवर तातामी असतात, त्यांच्या वरचं जे विणलेलं आवरण ते इगुसा नावाच्या लव्हाळ्याचं असतं, जपानात पिकणारा इगुसा जवळजवळ सगळा कुमामोतो प्रांतातला. घरातलं आवरण जुनं झालं की बदलतात, आणि ते जुनं आवरण आमच्यासारख्यांकडे येतं. साधारण ९० सेंटीमीटर रुंद आणि त्याच्या दुप्पट लांब. ते घट्ट गुंडाळायचं, बांधायचं, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, मग उभं करून निथळू द्यायचं आणि लाकडी स्टँडच्या खुंटीवर खोचायचं. कोरडं कापायला गेलात तर चिवट लागतं, जास्त वेळ निथळलं तरी चिवट होतं. शनिवारी कापायचं असेल तर शुक्रवारी रात्री कोणीतरी जाऊन टबात गुंडाळ्या टाकाव्या लागतात, आणि हे काम सगळ्यात नवख्याचं, मी ३ वर्षं केलंय, हाताला तो ओल्या लव्हाळ्याचा वास दोन दिवस राहतो. शिवाय इगुसा मातीच्या पाण्यात बुडवून वाळवतात त्यामुळे त्यात बारीक माती असतेच, चांगल्या पात्यावर दोन-चार घावांत चरे दिसायला लागतात. म्हणून कोणी आपली भारीतली तलवार यासाठी काढत नाही.

आता मुख्य गोष्ट. इथे एक शब्द दर पाच मिनिटांनी ऐकू येतो, हासुजी. म्हणजे पातं ज्या दिशेने चाललंय नेमकी त्याच दिशेला धार असली पाहिजे. ऐकायला यात काय एवढं असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. पण दोन हात, दोन खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी हलत असताना ७० सेंटीमीटरचं वाकडं पातं एका तिरप्या रेषेत खाली आणायचं आणि पूर्ण वाटेत धार इकडे-तिकडे वळू द्यायची नाही, हे करून बघा म्हणजे कळेल. घाव चाललाय एका तिरक्यात आणि पातं जरा वेगळ्या तिरक्यात, एवढा थोडासा फरक असला तरी मग पातं कापत नाही, पाचरीसारखं घुसतं आणि आत जाऊन वळतं. वेग असला तर तरीही आरपार जातं, आणि बघणारे टाळ्या वाजवतात. पण खाली उरलेल्या बुंध्याचा कापलेला भाग बघायचा. नीट कापलेलं असेल तर तो सपाट, टेबलासारखा. पातं वळलं असेल तर मधे चमच्यासारखा खोलगट. आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी (वय सत्तरच्या पुढे, नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही) घाव घालणाऱ्याकडे बघतच नाहीत, चहा पीत दुसरीकडे तोंड करून बसलेले असतात, झालं की उठतात, बुंध्यावरून अंगठा फिरवतात आणि सांगतात, खांदा वर आला होता, किंवा शेवटी मनगट सैल पडलं. दर वेळी बरोबर. मला सुरुवातीला ही जादू वाटायची, आता थोडं थोडं मलाही वाचता येतं, दुसऱ्यांचं जास्त चांगलं वाचता येतं ते सोडा.

बुंधा अजून बरंच सांगतो. पलीकडच्या बाजूला चार धागे लटकत राहिले म्हणजे घाव शेवटपर्यंत नेला नाही, चटई संपायच्या आत मनाने थांबलात. वरचा तुकडा लांब उडून पडला म्हणजे कापण्यापेक्षा ढकललंय जास्त. चांगल्या घावात तुकडा त्या तिरप्या उतारावरून घसरून जवळच पडतो, अगदी आळशीपणे. स्टँडच आडवं झालं तर मग काही विचारू नका. आणि अंतर, ते तर सगळ्यात आधी. कापायचं ते पात्याच्या वरच्या भागाने, टोकापासून साधारण १० सेंटीमीटर सोडून पुढचा जो भाग त्याने, त्याला मोनोउची म्हणतात. घाबरून लांब उभे राहिलात तर टोक अर्ध्यातूनच निघून जातं, जवळ गेलात तर मुठीकडचा भाग लागतो आणि चटई नुसती वाकते. आपण विळीवर भाजी चिरताना दाबत नाही, ओढतो, तसं काहीसं आहे, फरक एवढाच की इथे विळीच भाजीकडे येतेय आणि खूप जोरात येतेय.

ताकदीचं म्हणाल तर माझाच किस्सा. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा खरी धार हातात मिळाली. त्याआधी वर्षभर लाकडी बोकुतो आणि मग इआइतो, म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची बिनधारेची तलवार, तिला धार लावताच येत नाही. तर त्या दिवशी मी दात-ओठ खाऊन उजव्या हाताने हाणली. पातं अर्ध्यात अडकलं. बाहेर काढलं, पुसलं, म्यानात घालायला गेलो तर जाईना. म्यान त्या एकाच पात्याच्या मापाने कोरलेलं असतं, जरा बाक आला की घासतं. सेन्सेईंनी पातं डोळ्यासमोर आडवं धरून उजेडाकडे बघितलं आणि एकच शब्द बोलले, मिगिते, म्हणजे उजवा हात. बस. तलवार त्यांची होती. ती सरळ करून आणायला काही आठवडे लागले आणि तेवढे आठवडे मी परत लाकडावर.

उजवा हात दिशा दाखवतो, जोर डाव्या हाताचा, तोही करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा. ओलं फडकं पिळताना दोन्ही मनगटं आत वळतात ना, तशी पकड पाहिजे, आणि तीही घाव लागायच्या क्षणी, आधीपासून आवळून धरली की खांदे दगड होतात आणि टोकाला वेगच येत नाही. याला तेनोउची म्हणतात. आमच्याकडे एक साठीच्या काकू आहेत, वजन माझ्या निम्मं असेल, त्यांचा बुंधा आरशासारखा असतो, माझा नसतो.

लेखात इतिहासाचा एक परिच्छेद आहे तो गोलमाल आहे. पूर्वीच्या चाचणी-घावाला तामेशिगिरी म्हणायचे हे बरोबर, पण एदो काळात, म्हणजे १८६८ पर्यंतच्या शोगुन या लष्करी राज्यकर्त्यांच्या राजवटीत, चाचणी तलवारीची व्हायची, माणसाची नाही. यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यानपिढ्या चालवणारं एक घराणं होतं, शोगुनच्या तलवारी तपासायचं काम त्यांच्याकडे, आणि तपासायच्या कशावर तर मृत्युदंड दिलेल्या गुन्हेगारांच्या देहांवर. एका घावात दोन देह, तीन देह असा निकाल पात्याच्या मुठीतल्या भागावर सोन्याने कोरायचे, अशा तलवारी आजही आहेत. घाव घालणारा पक्का आहे हे गृहीतच, प्रश्न पोलादाचा. आज उलटं झालंय, पोलाद बरं आहे हे गृहीत आणि परीक्षा आमची. १८७६ ला तलवार बाळगून फिरायला बंदी आली, आणि आज आम्ही जे कापतो त्याचा बराचसा भाग तोक्योतल्या तोयामा लष्करी शाळेत (स्थापना १८७३) १९२५ ला अधिकाऱ्यांसाठी बसवलेल्या पद्धतीतून आलाय. त्यातले एक शिक्षक नाकामुरा ताइझाबुरो (१९१२ ते २००३) यांनी पुढे स्वतःची शैली काढली, आणि ती सुचली कशावरून तर सुलेखनावरून. 'एइ' म्हणजे अनंत, या एका अक्षरात ब्रशचे आठही मूळ फटकारे येतात असं तिकडे शिकवतात, त्यांना ते तलवारीच्या घावांसारखे दिसले. मला हे फार आवडतं, पण लेखात याचा पत्ता नाही आणि निन्जांवर सात ओळी आहेत.

अजून एक, तुम्हाला आवडेल म्हणून. खांद्यावरून तिरप्या घावाला केसागिरी म्हणतात. केसा म्हणजे बौद्ध भिक्षूंचं डाव्या खांद्यावरून तिरपं घेतलेलं वस्त्र, घाव त्या वस्त्राच्या रेषेने उतरतो म्हणून हे नाव. आणि केसा हा शब्द आला आपल्या संस्कृत काषाय वरून! मी डोजोत, म्हणजे आमच्या सरावाच्या जागी, सांगितलं तर सगळे म्हणाले सो देस का, म्हणजे 'असं होय', आणि परत सुबुरी, म्हणजे हवेत घाव घालायचा सराव, करायला लागले.

हो, आणि जपानात तलवार ठेवायला पोलिसांचं लायसन्स लागतं हे चूक. बंदुकीला माणसाचा परवाना लागतो. तलवारीची नोंदणी असते आणि ती तलवारीच्या नावे, १९५८ च्या कायद्याप्रमाणे, प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून. शिक्षण मंडळ का, तर तलवार ही कलावस्तू धरली जाते. तो कागद तलवारीबरोबर फिरतो, मालक बदलला की २० दिवसांत कळवायचं. आता कलावस्तू घेऊन चटया कापणं किती शहाणपणाचं यावर आमच्यात भांडणं होतात, त्यात आत्ता पडत नाही.

लेखाच्या शेवटी वाचकांना सुचवलंय की जपानला गेलात तर तासाभराचा 'सामुराई अनुभव' घ्या आणि स्वतः चटई कापा. मी याच्या विरोधात आहे असं नाही, काही ठिकाणी नीट हात धरून करून घेतात. पण लेख वाचून जाणारा माणूस ताकद लावायला जाणार ना. उजवीकडून डावीकडे खाली येणाऱ्या घावात उजवा पाय पुढे असावा लागतो, डावा पुढे राहिला तर चटईतून निघालेलं पातं थेट स्वतःच्या गुडघ्यावर. शिवाय पातं आणि मूठ यांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे बांबूची एक छोटी खुंटी, मेकुगी, ती सैल आहे का हे आम्ही दर वेळी अंगठ्याने दाबून बघतो, प्रत्येक जण, सेन्सेईसुद्धा. ती तुटली तर पातं मुठीतून सुटून समोरच्याकडे जातं. म्हणून कापणाऱ्याच्या समोर आणि मागे कोणी उभं राहत नाही, आणि तुमच्या लेखात फोटो काढायला मित्राला समोर उभं करा असं लिहिलंय!! ते एवढं तरी कृपया वेब आवृत्तीतून आजच काढा, बाकीचं सावकाश.

आणि फोटो परत छापणार असाल तर सरळ करून छापा. मी मोबाईलवर उलटवून बघितला, मग उजवा पाय पुढे, घाव उजव्या खांद्याकडून, डावा पदर वर, सगळं जागेवर येतं. बुंध्याचा कापलेला भाग थोडासा दिसतोय, झूम करून बघितला, सपाट वाटतोय, म्हणजे माणूस चांगला आहे. पण पडलेला तुकडा खाली कुठेतरी होता आणि तुम्ही फोटो नेमका तिथेच क्रॉप केलाय. मूळ फोटोत तो दिसत असेल तर प्लीज पूर्ण छापा, मला बघायचाय तो किती लांब पडला.

आपला नियमित वाचक,
योकोहामा