सुभेदार काका, त्या सुईसाठी

आदरणीय सुभेदार काका,

तुम्ही गेल्याचं आम्हाला तेराव्यानंतर कळलं. निरीक्षणगृहात तुमच्याबरोबर काम केलेल्या एका मॅडमनी फोन करून सांगितलं. भाऊ तेव्हा दुसऱ्या पाळीला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याला कळवलं, तर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकूंजवळ कोण आहे आता?" दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो तुमच्या गावी गेला. लिहिणं त्याला जमत नाही, म्हणून हे पत्र मी लिहितेय. त्याला वाचून दाखवलंय, त्याची हरकत नाही.

हे जाहीरपणे लिहितेय, कारण तुमच्यासारख्यांचा सत्कार कुठल्याच स्टेजवर होत नाही. निरीक्षणगृह, म्हणजे रिमांड होम म्हटलं की लोकांना उंच भिंत आठवते, नाहीतर पळून गेलेल्या मुलांच्या बातम्या. आतल्या मुलांना पहाटे कोण उठवतं, तापात कपाळावर पट्ट्या कोण ठेवतं, रात्री दचकून उठलेल्या पोराजवळ कोण बसतं, हे कुणी विचारत नाही. कागदावर तुमचं पद होतं काळजीवाहक. मानधन तुटपुंजं, तेही महिनोन्महिने थकलेलं. फौजेची पेन्शन होती म्हणून निभतंय, असं तुम्ही एकदा आईला सहज बोललात. तिनं ते लक्षात ठेवलं आणि पुढच्या वेळी तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. तुम्ही ती मुलांच्या ताटात वाढलीत.

तुमचं नाव मी लिहीत नाही, भावाचंही नाही. गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेल्या अल्पवयीन मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता काही छापायचं नाही असा कायदाच आहे. पण आम्हाला कायदा माहीत होण्याआधी तुम्ही माहीत झालात. गेटवर एक बातमीदार आला होता, त्याला तुम्ही आत घेतलं नाहीत. "उद्या ह्या पोराचं लगीन हुईल, त्याची पोरं शाळंत जातील. त्यांनी कशाला वाचायचं हे?" एवढंच म्हणालात. आज भावाची मुलगी बालवाडीत जाते, काका.

तुमच्यापर्यंत पोचण्याआधी जे जे भेटले, त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर तुमचे आभार अर्धेच राहतील.

वडील गेले तेव्हा भाऊ नववीत होता. वर्गातल्या एकानं वडिलांच्या मरणावरून काहीतरी घाण बोललं आणि यानं कंपासपेटीतलं करकटक त्याच्या हातावर मारलं. वाईटच केलं. त्या मुलाच्या घरी जाऊन आई पाया पडली आणि त्या घरच्यांनी मोठ्या मनानं विषय तिथंच मिटवला. मिटवला नाही तो शाळेनं. ज्या मुख्याध्यापकांनी पंधरा दिवसांपूर्वी प्रार्थनेच्या वेळी आमच्या वडिलांसाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळली होती, त्यांनीच आईच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवला. वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'असमाधानकारक'. ज्याच्या हाताला लागलं त्याची जखम लवकर भरली. हा एक शब्द घेऊन आम्ही तालुक्यातल्या शाळांच्या पायऱ्या चढलो-उतरलो. दाखला बघून सगळे म्हणायचे, जागा नाही. वर्षाच्या मध्यात शाळेबाहेर पडलेलं पंधरा वर्षांचं पोर कुठं बसणार? जिथं त्याला कुणी उठवलं नाही तिथं बसलं, स्टँडमागच्या गॅरेजपाशी, मोठ्या पोरांत. मोटारसायकल चोरीत ती पोरं पळाली आणि हा सापडला.

पाहुण्यारावळ्यांनी फोन उचलणं बंद केलं. चौकीत काय झालं ते मी लिहीत नाही. अल्पवयीन मुलाला कोठडीत ठेवायचं नसतं, त्याच्यावर हात टाकायचा नसतो, हे तेव्हाही कायद्यात होतं. ही २०१० सालची गोष्ट आहे.

आता त्या सुईबद्दल.

बाल न्याय मंडळापुढं त्याची पहिली तारीख होती. मंडळ तिथंच, निरीक्षणगृहाच्या एका खोलीत बसायचं. मी आणि आई व्हरांड्यात उभ्या होतो. त्याला बाहेर आणलं आणि आईनं तोंडाला पदर लावला. अंगात शाळेचाच पांढरा शर्ट होता, धुतलेला, पण वरची तीन बटणं तुटलेली. कुठं तुटली ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. एका हातानं शर्ट गळ्याशी गच्च धरून तो उभा होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडं बघत होता. आईनं पिशवीत सेफ्टी पिन शोधली. ती पुढं करताच बंदोबस्ताचा शिपाई ओरडला, "ओ बाई, टोकदार काय द्यायचं नाय त्याला! करकटक मारणारा हाच ना?" सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं.

त्याच वेळी तुम्ही जिन्यावरून खाली आलात. शिपायाला काही बोलला नाहीत. भावाला म्हणालात, "चल, हितं पायरीवर बस." तो बसला. तुम्ही त्याच्या खालच्या पायरीवर बसलात, म्हणजे मान वर करून तुम्हीच त्याच्याकडं बघत होतात. खिशातून खाकी कापडाची एक गुंडाळी काढलीत. त्यात सुया, दोरे, चारदोन बटणं. शिवायला घेण्याआधी दोऱ्याचा एक तुकडा तोडून त्याला तोंडात धरायला दिलात. अंगावरचा कपडा शिवायचा तर तोंडात काडी नाहीतर दोरा धरायचा, ही आमच्या आजीची रीत. सरकारी व्हरांड्यात एक म्हातारा फौजी आपल्या पोराच्या बाबतीत ती पाळतोय हे बघून आई रडायला लागली. वडील गेल्यापासून ती लोकांसमोर रडली नव्हती.

दोन बटणं तुम्ही लावलीत. तिसऱ्याला सुईत दोरा ओवलात, गाठ मारलीत आणि सुई त्याच्या हातात दिलीत. "ह्यो तू लाव. मला आता जवळचं दिसंना."

शिपाई एक पाऊल पुढं आला. तुम्ही त्याच्याकडं न बघताच हात वर केलात, तो थांबला.

भावाचा हात थरथरत होता. बोटाला टोचली, रक्ताचा थेंब आला. तुम्ही सुई काढून घेतली नाहीत. घाईही केली नाहीत. आतून नावाचा पुकारा झाला तर म्हणालात, "येतोय म्हणावं, बटण लावतोय." त्यानं बटण लावलं, दोरा दातानं तोडला, सुई परत गुंडाळीत खोवून तुमच्या हातात दिली. आणि मग आत गेला, दोन्ही हात मोकळे सोडून. मंडळातल्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नांना मान वर करून उत्तरं दिली.

काका, त्याच्या हातातून एकेकानं सगळं काढून घेतलं होतं. कंपासपेटी, दप्तर, शाळा, मित्र. त्याच हातात तुम्ही सगळ्यांदेखत टोकदार वस्तू ठेवलीत. पुढं त्याच्यासाठी तुम्ही खूप केलंत, पण तो विषय निघाला की त्याला सुईच आठवते. आणि तुम्हाला जवळचं चांगलं दिसत होतं. रोजचा पेपर चष्म्याशिवाय वाचायचात, हे त्यानं नंतर आठवडाभरातच पाहिलं.

तुम्ही असे कसे, याचं उत्तर मला बरंच उशिरा मिळालं. तुम्ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होतात, डिसेंबर १९७१ च्या युद्धात आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण शहराच्या मागं जाऊन बसली, रस्ता अडवला आणि निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानच्या बलुच पलटणीला त्या रात्री थोपवून धरलं. तेव्हा तुम्ही जेमतेम विशीचे. गृहातली मुलं तुम्हाला सारखी विचारायची, "काका, किती मारले?" तुम्ही त्याचं उत्तर कधी दिलं नाहीत. सांगायचात ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. शरण आलेले सैनिक थंडीत जमिनीवर बसलेले, आदल्या रात्री ज्यांनी तुमच्यावर गोळ्या झाडल्या तेच, आणि तुम्ही पोरंसोरं त्यांना पाणी वाटत फिरत होतात. "हत्यार टाकल्यालं माणूस आपल्या जिम्म्याला असतं. त्याला हात लावायचा नसतो." पुढं १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजारांच्या आसपास युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. ती गोष्ट आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावीच. पण परक्या देशाच्या शरण आलेल्या शिपायाला जो नियम लागू झाला, तो आपल्याच तालुक्यातल्या पंधरा वर्षांच्या पोराला चौकीत लागू होत नाही, याची लाज कुणाला वाटायची? तुम्हाला वाटायची. फौज सोडल्यावर वीसेक वर्षं तुम्ही तोच नियम त्या भिंतीच्या आत पाळलात, काठी न घेता. एकदा नव्यानं आलेल्या एका काळजीवाहकानं मुलाच्या कानाखाली मारली, तर तुम्ही त्याला फक्त एवढंच विचारलंत म्हणे, "त्याच्या हातात काय होतं?"

माणसं कामाबरोबर निबर होतात असं म्हणतात. मी स्वतः सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, मीही तसं होताना पाहिलंय. त्यामुळं तुमच्यासारखं माणूस मुळातच मऊ असतं यावर माझा विश्वास नाही. तुम्ही रोज ठरवून तसे वागत होतात. थकलेले असतानाही, पगार झालेला नसतानाही. साताऱ्याच्या मातीत ही परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह काढलं, १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांचे पुतळे झाले, पाठ्यपुस्तकात धडे आले. आमच्या काकू हिवाळ्यात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून गृहावर पाठवायच्या, त्याची नोंद कुठल्या पुस्तकात असेल? भावाच्या वाट्याला आलेल्या गोधडीला हिरव्या काठाची पट्टी होती. सुटून येताना ती मागच्या पोरासाठी ठेवून यायची, अशी तिथली पद्धत तुम्हीच घालून दिली होती.

पुढचं मी थोडक्यात लिहिते, कारण तुम्हाला ते सगळं माहीत आहे. दहावीला बाहेरून बसण्यासाठी लागणारा १७ नंबरचा फॉर्म तुम्ही शोधून काढलात, बसून भरून घेतलात. दाखल्यावरचा तो शब्द वाचून कागद घडी घालून आईला परत दिलात आणि म्हणालात, "नीट ठिवा. नोकरी लागली की दावू त्यास्नी." भाऊ दहावी झाला, आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला, आज शिरवळच्या एमआयडीसीत कायम आहे. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीला तो घाबरला होता. लहानपणीच्या अशा प्रकरणामुळं मोठेपणी कुठलीही अपात्रता येत नाही, हे कलम तुम्ही त्याला कधीच वहीच्या पानावर लिहून दिलं होतं. २०१५ च्या नव्या कायद्यात तर 'नवी सुरुवात' हे तत्त्वच घातलंय. ते पान त्याच्या पाकिटात होतं, मुलाखतीला जातानासुद्धा.

दाखला दाखवायला मात्र आम्ही कुणाकडं गेलो नाही. पण त्या मुख्याध्यापकांना, आणि आजही तो रकाना भरणाऱ्या प्रत्येकाला माझं मागणं आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल तो शब्द लिहिण्याआधी त्याच्या घरी एकदा जाऊन या. आमच्या घरी कुणी आलं असतं तर त्यांना दिसलं असतं की वडिलांच्या चपला उंबऱ्याशीच होत्या आणि भाऊ त्या रोज पुसून ठेवत होता. आणि ज्यांच्या हातात निरीक्षणगृहांचं अनुदान आहे, त्यांनी काळजीवाहकांचं मानधन वेळेवर द्यावं. प्रत्येकाला फौजेची पेन्शन नसते. चांगल्या माणसाच्या चांगुलपणावर किती वर्षं खातं चालवायचं?

काका, तुम्ही हयात असताना हे सगळं तोंडावर बोलता आलं नाही. आम्ही काही बोलायला लागलो की तुम्ही विषय बदलायचात, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचात. आता तुम्हाला थांबवता येत नाही, म्हणून सांगते. माझा भाऊ माणसात राहिला तो तुमच्यामुळं. आई तिच्या देवघरात तुमचं नाव घेते. मी दवाखान्यात रात्रपाळीला पोलीस बंदोबस्तातला एखादा पोरगा आणला की त्याला आधी नावानं हाक मारते, मग नाडी बघते. हे मी तुमच्याकडून शिकले.

काकूंशी बोलणं झालंय. त्यांच्या घरातली वायरिंग जुनी झालीय, पावसाळ्यात भिंतीला करंट येतो असं भावाच्या लक्षात आलं. पुढच्या महिन्यात तो सामान घेऊन जाणार आहे आणि सगळं नव्यानं करून देणार आहे. काकू पैशाचं विचारत होत्या. त्यानं विषय बदलला आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

तुमची ऋणी,
तुमच्या एका मुलाची ताई