परदेशातून रोप नको, नर्सरीची रीत आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पेपरात परदेश टूरच्या जाहिराती सुरू होतात, आणि लंडन म्हटलं की तेच ते, राजवाडा, टॉवर, नदीकाठचा मोठा पाळणा, शॉपिंग, आणि वेळ उरला तर क्यू गार्डन हे वनस्पती उद्यान. क्यू बघायलाच हवं, ते 2003 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथलं पाम हाऊस, म्हणजे ताडामाडांचं काचघर, बघताना मान दुखते इतकं उंच आहे. पण मला आज लिहायचंय ते कुठल्याच टूरमध्ये नसलेल्या एका नर्सरीबद्दल, कारण ती बघितल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

मी सोलापूर जिल्ह्यातली. गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेले होते, ती कोल्चेस्टरला असते, लंडनहून रेल्वेने साधारण तासभर. बाळ दीड महिन्याचं झाल्यावर जावई म्हणाले, आई तुम्हाला झाडांची आवड आहे ना, चला, जवळच एल्मस्टेड मार्केट नावाच्या गावात बेथ चॅटो यांची बाग आणि नर्सरी आहे. मला वाटलं असेल गुलाब वगैरे. गेलो आणि पहिल्याच तुकड्यापाशी मी अर्धा तास उभी राहिले.

तो तुकडा म्हणजे आधी गाड्या लावायची जागा होती. खाली नुसती वाळू आणि खडी. हा एसेक्स परगणा इंग्लंडमधल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक, वर्षाला 20 इंच म्हणजे 500 मिलीमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे बघा, आमच्या सोलापूरपेक्षाही थोडा कमीच! 1991-92 च्या सुमारास बेथबाईंनी इथे बाग करायला घेतली आणि ठरवलं की रोपं एकदा जीव धरेपर्यंतच पाणी, नंतर कितीही उन्हाळा पडो, पाइप लावायचा नाही. आज तीस वर्षं उलटून गेली तरी ती बाग तशीच चालू आहे. लव्हेंडर, कांद्याच्या जातीतली गोल गेंदाची जांभळी फुलं, पुरुषभर उंचीचं सोनेरी तुऱ्यांचं गवत, आणि व्हर्बॅस्कम नावाचं एक उंच झाड, त्याचं पान हातात घेतलं तर थेट आपल्या रुईची आठवण आली, तशीच पांढरी लव. ही लव कशासाठी तर ऊन परतवायला आणि पानातलं पाणी उडू नये म्हणून. रुई माळावर का टिकते हे लहानपणापासून बघत आले पण असा विचार कधी केला नव्हता. खडीचा थर बोटाने बाजूला सारला तर खाली माती गार होती.

बेथबाई काही मोठ्या बागायतदार घराण्यातल्या नव्हत्या. त्यांचे यजमान फळबागवाले, पण जगातली कुठली वनस्पती मूळ कुठल्या हवामानात, कुठल्या मातीत वाढते याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, आणि बाईंनी तो अभ्यास वाफ्यात उतरवला. 1960 ला बाग सुरू केली, 1967 ला नर्सरी. 1977 पासून लंडनच्या चेल्सी या नावाजलेल्या फुलांच्या प्रदर्शनात ओळीने दहा सुवर्णपदकं. 2018 मध्ये 94 व्या वर्षी त्या गेल्या. त्याच आवारात ओढ्याला बांध घालून केलेली तळी आहेत, तिथे पाणथळ झाडं, आणि मोठ्या ओक झाडांखाली सावलीची झाडं. म्हणजे जागा बदलायची नाही, जागेला मानवेल ते झाड शोधायचं, बस.

पण खरी गोष्ट नर्सरीतली. तिथे रोपं नावाच्या किंवा फुलांच्या रंगाच्या हिशोबाने लावलेली नाहीत, जागेच्या हिशोबाने लावलीत. उन्हातली कोरड्यातली एकीकडे, सावलीतली दुसरीकडे, ओलाव्यातली तिसरीकडे. नाव, उंची, फुलायचा काळ, जागा कशी हवी, सगळं लिहिलेलं. एका कामगार मुलीला मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं तर तिने कुंडी उलटी करून रोप हातावर घेतलं आणि मुळं दाखवली, ही बघा किती खोल जातात, म्हणून याला पाणी कमी लागतं. आपल्याकडे नर्सरीत गेलं की काळी पिशवी, नाव नाही, विचारलं तर "शोचं झाड आहे, कुठंपण येतं" असं उत्तर. मी अशी कुठंपण येणारी कितीतरी झाडं आणून मारलीत, आणि दरवेळी वाटायचं आपलाच हात वाईट.

आता एक कळकळीची गोष्ट. आमच्या ओळखीतले बरेच जण परदेशातून येताना बॅगेत कपड्यांत गुंडाळून फांद्या, कंद, बिया आणतात आणि कौतुकाने सांगतात. कृपा करून हे करू नका हो. आयात परवाना आणि तिथल्या सरकारचा रोप निरोगी असल्याचा दाखला असल्याशिवाय रोप आणता येत नाही, 2003 चा नियम आहे तसा, आणि तो उगाच नाही. आज सगळ्या माळरानावर आणि जंगलात पसरलेली घाणेरी शोभेचं झाड म्हणूनच आली होती, नद्या-तलाव झाकून टाकणारी जलपर्णीही फुलं सुंदर म्हणूनच. मलाही तिथलं एक रोप फार आवडलं होतं, हातात घेतलं आणि परत ठेवलं. लेबलांचे फोटो मात्र भरपूर काढले.

आणि तिथली झाडं इथे येणारही नाहीत. त्यांचा 20 इंच पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आपला चार महिन्यांत, आणि मे महिन्यात 42-43 डिग्री. लव्हेंडर आमच्याकडे उभं राहणार नाही. पण तरवड आहे, अंजन आहे, आपटा आहे, बहावा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातलं गवत कोणी टँकरने जगवतं का? पहिल्या पावसात आपलं आपण हिरवं होतं. मग शहरातल्या डिव्हायडरवर भर उन्हाळ्यात टँकरने पाणी पाजून लॉन कशासाठी सांभाळायचं, जेव्हा शेजारच्या गावात प्यायच्या पाण्याला लाइन असते?

म्हणून तीन विनंत्या. टूरवाल्यांनी एक अर्धा दिवस अशा नर्सरीला ठेवावा, शेतकरी कुटुंबं तर नक्की येतील. आपल्या नर्सरीवाल्यांनी निदान ऊन, सावली आणि पाणी किती एवढं तरी पिशवीवर लिहावं, मार्कर पेनने लिहिलं तरी चालेल. आणि तुम्ही रविवारच्या पुरवणीत कमी पाण्याच्या देशी झाडांची माहिती जिल्हावार द्यावी, कृषी विद्यापीठातली माणसं नक्की मदत करतील.

मी जूनमध्ये अंगणातल्या मुरमाड कोपऱ्यात तरवडाचं बी टाकलंय, वरून बारीक खडी. सतरा रोपं वर आलीत. दिवाळीनंतर पाणी पूर्ण बंद करणार आहे, उन्हाळ्यानंतर किती राहिली ते कळवीन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा