नळीतला गर्भ: गोळ्यांचे पाकीट दोघांच्याही हाती द्या

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गर्भ पिशवीऐवजी नळीत राहून नळी फुटली, रक्त मिळेपर्यंत बाई दगावली, अशा बातम्या जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून येतात. रुग्णवाहिका उशिरा आली, रक्तपेढी लांब होती, हेही त्यात असते आणि ते खरेच असते. पण ती नळी खराब व्हायला सुरुवात पुष्कळदा काही महिने, काही वर्षे आधीच झालेली असते. ‘पांढरे जाते, ओटीपोटात दुखते’ म्हणून ती बाई तेव्हा कुठल्या तरी ओपीडीत येऊनही गेलेली असते. तिथे काय चुकते ते लिहावे म्हणून हे पत्र.

गर्भनलिका जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरची. तिच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. तिच्या हालचालीने आणि नळीच्या आकुंचनाने फलित बीज तीन-चार दिवसांत पिशवीत पोचते. क्लॅमिडिया आणि परमा (गनोरिया) यांचे जंतू संबंधातून पिशवीच्या तोंडाशी येतात आणि तिथून वर चढतात. दाह झाला की ही लव झडते, अस्तराच्या घड्या एकमेकींना चिकटतात. नळी पूर्ण बंद झाली तर त्या बाजूने गर्भच राहत नाही. अर्धवट उघडी राहिली तर मात्र जिवाशी गाठ पडते, कारण शुक्रजंतू त्या फटीतून पार होतात, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे असलेले फलित बीज वाटेत अडकून तिथेच रुजते.

स्वीडनमध्ये लुंड येथे लार्स वेस्ट्रॉम यांनी पोटात दुर्बीण घालून नळ्यांच्या दाहाचे निदान झालेल्या स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्या पुढच्या पहिल्या गर्भधारणेत नळीत गर्भ राहण्याचे प्रमाण ९.१ टक्के निघाले; दाह न झालेल्यांत ते १.४ टक्के होते. एकदा दाह झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना नळ्यांच्या बिघाडामुळे वंध्यत्व आले, दोनदा झालेल्यांत हे प्रमाण सुमारे २० आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्क्यांवर गेले. दुसरी खेप टाळणे किती मोलाचे आहे, हे यातून कळते. आणि दुसरी खेप बहुतेकदा घरातूनच येते, कारण औषध फक्त बायकोला मिळालेले असते.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत यासाठी नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) रंगीत पाकिटे आहेत. ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळे: सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, आणि डॉक्सिसायक्लिन १०० व मेट्रोनिडॅझोल ४०० या प्रत्येकी २८, दिवसातून दोनदा, १४ दिवस. नवऱ्यासाठी करड्या रंगाचे: अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४००, एकाच वेळी घ्यायचे. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात अनेकींना पांढऱ्या पाण्यावर योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा नुसते मेट्रोनिडॅझोल मिळते. बुरशी किंवा साधा योनिदाह असेल तर ते पुरते, क्लॅमिडियाला ते लागूच पडत नाही. योग्य पाकीट मिळाले तरी पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणे थांबते, मळमळ सुरू असतेच, तोंडाला धातूसारखी चव येते आणि गोळ्या सुटतात. म्हणून पाकीट देताना चार गोष्टी सांगायलाच हव्यात. डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि अर्धा तास आडवे होऊ नये. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्यासोबत घेऊ नये, किमान दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर औषध रक्तात उतरतच नाही. दिवस गेलेले नाहीत याची खात्री आधी करावी. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवावे. ७२ तासांत उतार नसेल तर भरती करून सलाईनमधून औषध लागते.

नवऱ्याला काही त्रास नसतो, म्हणून तो औषध घेत नाही. क्लॅमिडिया पुरुषांतही बिनबोभाट राहतो. दोघांचा कोर्स संपेपर्यंत, आणि एकाच वेळच्या डोसनंतर निदान सात दिवस, संबंध ठेवू नयेत, हे त्याला स्वतंत्रपणे आणि समोर बसवून सांगावे लागते. ही जबाबदारी बायकोच्या हाती चिठ्ठी देऊन तिच्यावर ढकलणे अन्यायाचे आहे. मार खायची वेळ तिच्यावर येते. हा जंतू महिनोन् महिने, कधी वर्षाहून अधिक काळ गुपचूप राहतो. त्यामुळे तो कधी आणि कुणाकडून आला, हे तपासणीवरून ठरवता येत नाही. शिवाय आपल्या भागात क्षयानेही नळ्या खराब होतात, त्याचा संबंधांशी काही संबंध नाही. हे डॉक्टरांनी नवऱ्यापुढे स्पष्ट बोलावे.

आता नळीत गर्भ राहिल्यानंतरच्या चुकांविषयी. पाळी चुकली, घरच्या चाचणीत दोन रेघा आल्या आणि मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणल्या, हे आज सर्रास चालते. मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉलच्या त्या पाकिटाने पिशवीतला गर्भ पडतो, नळीतला नाही. तरीही पिशवीच्या अस्तरातून रक्त जातेच. बाईला वाटते, मोकळी झाले. गर्भ मात्र नळीत वाढतच असतो. सोनोग्राफीत गर्भ पिशवीत दिसल्याशिवाय या गोळ्या कुणी घेऊ नयेत, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणी विकू नयेत.

दुसरी चूक ‘हिचे ऑपरेशन झालेय’ म्हणून दिवस गेल्याची शंकाच न घेण्याची. नसबंदीनंतर किंवा तांबी असताना गर्भ क्वचितच राहतो, पण राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा बरीच जास्त. ओटीपोटात दुखणाऱ्या, पाळी येणाऱ्या प्रत्येक बाईची लघवीची चाचणी झालीच पाहिजे. आशाताईंकडे त्यासाठी ‘निश्चय’ किट असते. चाचणी होकारार्थी असेल आणि एका बाजूला दुखत असेल, थोडे डागाळत असेल, तर त्याच दिवशी सोनोग्राफी. खांद्याच्या टोकाशी कळ आणि उठताना चक्कर आली तर पोटात रक्त साचतेय असे धरावे. ते रक्त श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) चेतवते म्हणून खांदा दुखतो. गॅसची गोळी देऊन तिला घरी पाठवणे घातक ठरते.

वेळेत कळले तर अनेकींचे ऑपरेशन टळते. नळी फुटलेली नसेल, गर्भाचे ठोके नसतील आणि रक्तातले एचसीजी (गर्भामुळे तयार होणारे संप्रेरक) फार वाढलेले नसेल तर गर्भाची वाढ थांबवणारे मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देता येते. त्यानंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासतात; या दोन तपासण्यांत १५ टक्के घट झाली नाही तर पुढचा उपचार ठरवावा लागतो. या काळात फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद ठेवायची, आणि पुढचे तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे. एकदा असे झाले की पुन्हा होण्याची शक्यता सुमारे दहात एक असते. म्हणून पुढच्या खेपेला पाळी चुकताच डॉक्टरांना कळवावे आणि सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे ते पाहून घ्यावे.

आपली,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ, जि. सातारा