यंत्राला माणूस द्या: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

खान्देशात दौऱ्यावर आलेल्या पाहुण्यांच्या भाषणात सातपुडा हटकून येतो. तिथे वनौषधींचे भांडार आहे, त्यावर संशोधन व्हायला हवे, मग टाळ्या. त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर-चोपडा पट्ट्यात, मी उभी हयात फार्मसीच्या मुलांना वनस्पतींचे रसायन आणि औषधशास्त्र शिकवण्यात घालवली. संशोधनही त्यातच केले. म्हणून थेट लिहिते. संशोधन केंद्राची नवी इमारत देऊ नका. वनस्पतीतली द्रव्ये तपासणारे यंत्र द्या, आणि ते चालवणारा कायम माणूस द्या.

काम कसे चालते ते सांगते. बिबल्याच्या झाडाचे लाकूड घ्या. त्याच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी मधुमेहावर पिण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यातले नेमके कोणते द्रव्य साखर उतरवते हे शोधायचे, तर लाकडाची भुकटी करून सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात, ईथरसारख्या द्रावकाने तिचा अर्क काढावा लागतो. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४च्या वर असतो आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात भाजेल असे. त्या पाण्यावर कंडेन्सर, म्हणजे वाफेचे पुन्हा द्रव करणारी नळी, थंड होत नाही, ईथर हवेत उडून जाते. आम्ही बर्फाची लादी फोडून बादलीत टाकायचो, त्यात डेझर्ट कूलरचा पंप सोडायचो आणि तेच पाणी फिरवायचो. दुपारी आमचा शिपाई येऊन सांगायचा, "मॅडम, बरफ सरी गया." बर्फ संपला, की प्रयोग थांबला.

ही तक्रार नव्हे, असे जुगाड सगळेच करतात. खरी अडचण पुढे आहे. अर्कातली द्रव्ये वेगळी करणारा कॉलम महिनोन्‌महिने चालवून चार-पाच मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य हाती येते. त्याच्या रेणूची रचना कळायला एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमीटर ही मोठी यंत्रे लागतात. आमचा नमुना कुरिअरने मुंबई-पुण्याला जातो, रांगेत पडतो आणि कधी "पुन्हा शुद्ध करून पाठवा" एवढ्या शेऱ्यानिशी परत येतो. तोवर मुलाची फेलोशिप संपत आलेली असते. मग तो सरळ वाट धरतो: कच्चा अर्क मधुमेही उंदरांना द्यायचा. उंदरांची साखर उतरते, मुलाला पीएचडी मिळते, आणि साखर कशाने उतरली हे कुणालाच कळत नाही. कपाटे अशा प्रबंधांनी भरली आहेत. मुलांना आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा ती रांग पाहावी.

शेवटपर्यंत गेले तर काय होते याच्या एका उदाहरणाची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरील निरीक्षणांसह ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. सर्पगंधा आपल्या वैद्यांना पूर्वापार माहीत होती. पण १९५२ मध्ये तिच्या मुळातून रक्तदाब उतरवणारे द्रव्य, रेसरपिन, वेगळे काढले ते स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी.

वनस्पतीची ओळख पटवणे हेही याच कामाचे अंग. कोरोनाकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले, मग यकृताला इजा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वेगळी, ती वापरू नका, असा इशारा आयुष मंत्रालयाला द्यावा लागला. नमुना कोणत्या झाडाचा, हेच चुकले तर पुढचे सगळे रसायनशास्त्र वाया. हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह, सांभाळणारा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनच यंत्रचालकाइतका गरजेचा.

यंत्रखरेदीला अनुदान मिळते, हे मान्य. पण खरेदीचे उद्घाटन होते, देखभालीचे होत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेत अर्कातली द्रव्ये वेगळी करून मोजणारे एचपीएलसी यंत्र प्लास्टिकच्या कव्हराखाली झाकून ठेवलेले आहे, कारण चालवणाऱ्याचे अकरा महिन्यांचे कंत्राट संपले. एनएमआरचे तर आणखी अवघड. त्याच्या चुंबकाला द्रवरूप हेलियम वेळेवर भरावेच लागते, फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे त्याला कळत नाही.

ज्यांच्या सांगण्यावरून आम्ही ही झाडे गाठतो, त्या धडगाव-अक्कलकुव्यातल्या पावरा आणि भिल्ल जाणत्यांचेही आम्ही देणे लागतो. २००२च्या जैवविविधता कायद्यात लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे. केरळात आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून औषध झाले, तेव्हा परवाना शुल्कातला आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा काणी आदिवासींसाठी ठरला. आमच्याकडे वाटा मागायचा तरी कशात? अर्धवट प्रबंधात?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून एक सामाईक यंत्रशाळा, कायम पदावरचे दोन यंत्रचालक, एक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि देखभालीसाठी दरवर्षी न मागता मिळणारी तरतूद, एवढे झाले तरी पुरे. येत्या अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत हा विषय घेता आला तर पाहावे. पदांचे आणि खर्चाचे टिपण आपल्या कार्यालयाकडे वेगळे पाठवत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, शिरपूर, जि. धुळे