ओडॉन बोदोर : चौथ्या क्रमांकाचा मानकरी

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या मुलांकडून तू आठशे मीटरची तयारी करून घेतो आहेस हे वाचून फार आनंद झाला, आणि त्या निमित्ताने तुला एका जुन्या हंगेरियन धावपटूविषयी सविस्तर लिहावे असे मनात आले. त्याचे नाव ओडॉन बोदोर. ऑलिंपिकच्या नोंदींत त्याच्या नावापुढे एक कांस्यपदक आहे, पण माझ्या मते त्याची खरी थोरवी ज्या शर्यतीत त्याला काहीच मिळाले नाही त्या शर्यतीत आहे.

बोदोरचा जन्म 24 जानेवारी 1882 रोजी पश्चिम हंगेरीतील कापुवार या गावी झाला. त्या वेळी हंगेरी ऑस्ट्रियाबरोबरच्या संयुक्त साम्राज्याचा भाग असली, तरी ऑलिंपिकमध्ये तिचा संघ स्वतंत्रपणे उतरत असे. 1896 च्या अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्येच नांदोर दानी या हंगेरियन धावपटूने आठशे मीटरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या एडविन फ्लॅकच्या मागोमाग दुसरा क्रमांक मिळवला होता. त्याची वेळ होती 2 मिनिटे 11.8 सेकंद. म्हणजे मध्यम पल्ल्याच्या शर्यतींची परंपरा त्या देशात बोदोरच्या आधीच सुरू झाली होती.

1908 साली लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर बोदोर उतरला तेव्हा तो 26 वर्षांचा होता. तिथला धावमार्ग आजच्यासारखा चारशे मीटरचा नव्हता. तीन फेऱ्यांत एक मैल पुरा व्हावा अशी त्याची आखणी असल्याने एक फेरी सुमारे 536 मीटरची होती आणि आठशे मीटर म्हणजे जेमतेम दीड फेरी. पंधराशे मीटरमध्ये तो प्राथमिक गटातच बाद झाला. आठशे मीटरचा नियमही तितकाच कठोर होता. प्राथमिक फेरीत आठ गट होते आणि प्रत्येक गटातला केवळ विजेता अंतिम शर्यतीत जाणार होता. बोदोरने आपला गट जिंकला.

21 जुलैच्या अंतिम शर्यतीत ब्रिटनच्या फेअरबर्न-क्रॉफर्डने सुरुवातीलाच विलक्षण वेग धरला आणि पुढे दम संपून त्याने शर्यत सोडली. अमेरिकेचा मेल शेपर्ड 1 मिनिट 52.8 सेकंदांत जिंकला. त्या अंतरासाठी जगात तोवर इतकी चांगली वेळ कोणी दिलेली नव्हती. इटलीचा एमिलिओ लुंगी दुसरा आला, जर्मनीचा हान्स ब्राउन 1:55.2 अशा वेळेत तिसरा आणि बोदोर 1:55.4 अशा वेळेत चौथा. दोन शर्यतींचे धावमार्ग अगदी वेगळे होते, हे मान्य. तरीही बारा वर्षांपूर्वी ज्या वेळेला दुसरा क्रमांक मिळाला, तिच्यापेक्षा सोळा सेकंदांहून अधिक वेगाने धावणाऱ्याच्या हाती काहीच लागू नये, याचे मला अजूनही वाईट वाटते. जगातल्या सर्वोत्तम वेळेच्या शर्यतीत विजेत्यापासून अवघ्या 2.6 सेकंदांवर राहणे हा त्याच्या कारकिर्दीचा कळस होता, असे मी मानतो.

चारच दिवसांनी, 25 जुलैला, मेडले रिलेची अंतिम शर्यत झाली. ऑलिंपिकच्या धावण्याच्या शर्यतींतली ही पहिलीच रिले. दोघांनी दोनशे-दोनशे मीटर, तिसऱ्याने चारशे आणि शेवटच्याने आठशे मीटर धावायचे अशी तिची रचना होती. बॅटन नव्हती, हाताला हात लावला की पुढचा धावपटू निघे. पाल शिमॉन, फ्रिग्येश विझ्नर आणि योझेफ नॉज यांच्यानंतर शेवटचा टप्पा बोदोरकडे आला. अंतिम शर्यतीत तीनच संघ होते आणि अमेरिका फार पुढे निघून गेली होती, त्यामुळे खरी झुंज दुसऱ्या क्रमांकासाठी होती आणि समोर पुन्हा तोच ब्राउन होता. ब्राउनने अगदी अंतिम रेषेपाशी बोदोरला गाठले. जर्मनीची वेळ 3:32.4 आणि हंगेरीची 3:32.5 अशी नोंदली गेली. एकाच आठवड्यात एकाच माणसाकडून, एकदा दोन दशांश सेकंदांनी आणि एकदा एका दशांशाने मागे पडणे, हे किती जिव्हारी लागले असेल!

1912 साली तो स्टॉकहोमलाही धावला, पण पदकाजवळ पोहोचला नाही. पुढे ब्राउन पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून लढताना ऑक्टोबर 1918 मध्ये मरण पावला. बोदोर 22 जानेवारी 1927 रोजी बुडापेस्टमध्ये वारला. पंचेचाळिसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

आता तुला प्रशिक्षक या नात्याने एक विचारायचे आहे. ब्राउनसारखा जोरदार शेवट करणारा धावपटू पाठीमागे असताना बोदोरने त्या दीड फेरीत आधीच अंतर वाढवायला हवे होते, की शेवटच्या सरळ पट्ट्यासाठी ताकद राखायला हवी होती? मला पहिला मार्ग योग्य वाटतो, कारण चार दिवसांपूर्वीच त्याने ब्राउनचा शेवट अनुभवला होता. तुझे मत सविस्तर कळव, आणि तुझ्या मुलांच्या वेळाही लिही.

तुझा,
माधव