पुराच्या बातमीशेजारी भरतीची वेळही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर साखरप्याचं, सासर सोमेश्वरचं. दोन्ही काजळीच्याच काठी. विशाळगडाच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी साखरपा, अंजणारी, चांदेराई, सोमेश्वर करत रत्नागिरीजवळ भाट्याला समुद्राला मिळते. नदी एवढीशीच आणि वरचा उतार मोठा, त्यामुळे घाटातल्या पावसाला खाली यायला वेळ लागत नाही. सकाळी भावाचा फोन येतो, "नदी पात्राबाहेर आलीय", आणि दुपारी आमच्या भातखाचरांत लाल पाणी.

पण ते किती चढणार, हे भाट्याचा समुद्रही ठरवतो. सोमेश्वरला काजळी नदी राहत नाही, खाडी होते. २२ जुलै २०२१ ला चांदेराईची बाजारपेठ बुडाली, त्या दिवशी त्रयोदशी होती. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे, सर्वांत मोठ्या भरतीचे दिवस. मी घराच्या पायरीवर उभी होते. पेंढा, पातेरा, नारळाची सोडणं समोरून वाहत होती. नऊनंतर ती जागच्या जागी थांबली. ना खाली जात, ना वर. आणि पाणी एकेक पायरी चढायला लागलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट कर. तेरस म्हणजे पावणेदहाची भरती. ती उतरेपर्यंत पाणी हलायचं नाही. तांदूळ माळ्यावर चढव."

त्यांनी सांगितलं म्हणून आमचे तांदूळ वाचले. शेजारी नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला हा हिशेब कुणी सांगितला नव्हता. त्यांचं धान्य, मुलांची पुस्तकं, सगळं गेलं. याची मला आजही चुटपुट लागून आहे; मीच हाक मारायला हवी होती.

खाडीच्या मुखाशी वाळू साचते, ओहोटीला होड्या अडकतात, हे राजिवड्याचे मच्छीमार कित्येक वर्षं सांगताहेत. ते गाऱ्हाणं फक्त त्यांचं नाही. तीच वाट आमच्या पुराचीही आहे.

पावसाळ्यात आपण रोज तालुकावार पावसाचे आकडे छापता. त्यांच्याच खाली भाट्याच्या दोन्ही भरत्यांच्या वेळा द्याव्यात, आणि उधाणाचे दिवस ठळक अक्षरांत. प्रशासनानेही इशारा देताना भरतीची वेळ सांगावी आणि चांदेराई व सोमेश्वरला पाण्याच्या उंचीच्या खुणा रंगवाव्यात. आपल्याकडून दोनच ओळींची जागा मागते आहे. यंदाच्या मृगापासून सुरू करता येईल का?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सोमेश्वर, ता. रत्नागिरी